डिकीवरचं नाव: काढून मोकळं ठेवावं की नवं लावावं?

माझी बीएमडब्ल्यू झेड-फोर २०११ ची आहे. मी तिसरा मालक. हाती आली तेव्हा बॉनेटवरच्या गोल लोगोतला निळा रंग राखाडीकडे झुकला होता, वरचा पारदर्शक थर पापडासारखा उचलला गेला होता आणि डिकीवरच्या 'झेड' आणि 'फोर'चं क्रोम चेचकाचे व्रण पडावेत तसं खाल्लं गेलं होतं. बाकी गाडी पाहून लोक थांबायचे आणि जवळ आले की नजर नेमकी तिथेच जायची.

अशा वेळी दोन रस्ते असतात. जुनं काढून पत्रा मोकळा ठेवायचा, नाहीतर नवं मागवून लावायचं. मी एकाच गाडीवर, एकाच डिकीवर दोन्ही करून पाहिलं. आधी मोकळं ठेवलं, सात महिन्यांनी नवं लावलं. म्हणून माझं मत थोडं एका बाजूला कललेलं असेल, ते धरूनच वाचा.

मोकळ्या डिकीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. या गाडीचा मागचा भाग असा आहे की त्यावर काही लिहिलं नसलं तर तो जास्त लांब आणि खाली बसल्यासारखा दिसतो. धुणं सोपं होतं. अक्षरांच्या कोपऱ्यात जुना टूथब्रश घालून धूळ काढत बसायचं काम संपतं आणि नागपुरातली धूळ काय चीज आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय सिग्नलवर कोणाला काही सांगितलं नाही याचं एक वेगळंच समाधान असतं. पहिले दोन आठवडे मी गाडी लावून मागे वळून वळून पाहत होतो.

काढण्याचं काम दोन्हीकडे सारखंच, म्हणून थोडक्यात. हेअर ड्रायरनं गोंद मऊ करायचा आणि मागून दोरा करवतीसारखा ओढायचा. दातांचा फ्लॉस माझ्याकडे चार वेळा तुटला, मासे धरायच्या गळाची तंगूस एकदाही नाही. एका मित्रानं संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा देऊ केला. तो बंदीचा माल आहे हे सोडा, त्यावरची काच अक्षरांबरोबर रंगही कापेल. उरलेल्या चिकट्यावर थिनर मारायचा मोह आवरा. निलगिरीचं तेल लावून दहा मिनिटं गप्प बसलं की तो बोटानं वळकटी होऊन निघतो. हे काम दुकानात द्यायला हरकत नाही, पण समोर उभं राहा. मी आधी एका दुकानात बंपरवरचं एक जुनं स्टिकर काढायला दिलं होतं, त्यांनी लोखंडी पट्टी घातली. ती रेघ अजून आहे.

बॉनेटचा मामला वेगळा आहे आणि तो बऱ्याच जणांना काढल्यावर कळतो. तिथला ८२ मिलिमीटरचा गोल नुसता चिकटवलेला नसतो, मागे दोन पिना असतात आणि त्या पत्र्यातल्या दोन बुचांमध्ये दाबून बसवलेल्या असतात. काढलात की मोठा खड्डा आणि त्यात दोन भोकं. ती बुजवायची म्हणजे अख्खं बॉनेट रंगवणं आलं. मी दोन आठवडे त्यावर लाल विनाइलची गोल चकती लावून फिरलो. पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, पंखा कोणी चोरून नेला का?" तो पंखा नाही, तिथले निळे-पांढरे चतकोर जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या रंगांवरून आले, विमानाच्या पंख्याची कल्पना १९२९ च्या एका जाहिरातीनंतर लोकांच्या डोक्यात बसली, हे त्याला सांगायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. मागे रांग होती. बॉनेटवर मी त्याच महिन्यात नवा लोगो दाबला आणि तो विषय संपवला. तेव्हा 'मोकळं ठेवायचं' हा प्रश्न खरं तर डिकीपुरताच आहे.

आता ज्यानं माझा निर्णय फिरवला ते सांगतो.

अक्षरं काढली त्या संध्याकाळी गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली डिकी आरशासारखी दिसत होती. रबिंग मारलं, पॉलिश केलं, बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी आम्ही दोन गाड्या घेऊन शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो. सकाळची वेळ, तोंड पश्चिमेकडे, म्हणजे ऊन बरोबर पाठीवर. मित्र माझ्या मागे होता. चहाला थांबलो तर हा हसतच उतरला. म्हणे, "काऊन बावा, नाव काढलं म्हणत होता ना? मी तर पूर्ण रस्ता वाचत आलो."

फोनवर फोटो होता. तिरप्या उन्हात 'झेड-फोर' स्वच्छ उमटलं होतं. आजूबाजूच्या लालापेक्षा एक छटा गडद, कडा इतक्या रेखीव की जणू कोणी स्टेन्सिल ठेवून रंगवलंय. गॅरेजमध्ये जे गेलं होतं ते उन्हात परत आलं होतं.

कारण साधं आहे. गाडीचा रंग वर्षानुवर्षं ऊन पितो, अक्षरांखालचा रंग मात्र सावलीत राहतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. माझी गाडी तेव्हा पहिल्या मालकाकडे इथेच होती, आणि त्याच्या घरी शेड नव्हती. असे किती उन्हाळे. लाल रंगाचं तर विचारू नका, रंगांमध्ये उन्हाला सगळ्यात आधी शरण जाणारा तोच. वरून थोडा चिकट्याचा अंश राहिला तर त्यावर धूळ आधी बसते. मग न धुतलेल्या गाडीवर तेच नाव पांढरट अक्षरांत दिसतं, आणि धुतलेल्यावर गडद.

मी हट्टाला पेटलो. तीनदा रबिंग मारलं. दर वेळी सावली थोडी पुसट व्हायची आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा यायचा, कारण रंगाच्या वरचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो. उन्हापासून वाचवणारा तोच, आणि रबिंग म्हणजे तोच घासून काढणं. सावली गेलीच नाही. आरशातून स्वतःला ती दिसत नाही, हाच काय तो दिलासा. पण गाडी लावून चार पावलं चाललं की मान आपोआप वळायची आणि पहिले दोन आठवडे जो आनंद होता तिथे आता तपासणी सुरू झाली होती. आज दिसतंय का? या कोनातून? ढग आलेत म्हणून नाही दिसत का? मला सर्वांत जास्त टोचलं ते हेच. न लिहिलेलं नाव लिहिलेल्या नावापेक्षा जास्त लक्ष खात होतं.

कोणी म्हणेल, कंपनी स्वतःच बिननावाच्या गाड्या देते की. देते. ऑर्डरच्या कागदावर ३२० नंबरचा पर्याय निवडला की मॉडेलचं नाव न लावताच गाडी कारखान्यातून निघते. पण तिथे अक्षरं कधी चिकटलेलीच नसतात, त्यामुळे पत्रा सगळीकडे सारखाच म्हातारा होतो.

नवं लावायचं ठरवलं तर पुढचा प्रश्न अस्सल की नक्कल. काळा चकचकीत संच ऑनलाइन अस्सलच्या किमतीच्या तुकड्यात मिळतो. मी एक आणला होता, खोटं कशाला बोलू. नवा होता तेव्हा छान दिसला, पण 'फोर'ची आडवी काडी मूळ अक्षरापेक्षा केसभर बारीक होती आणि तेवढ्या केसभर जागेतून खालची सावली डोकावत होती. तिथेच तो बाद झाला. अस्सल अक्षरं चासी नंबरचे शेवटचे सात आकडे देऊन मागवली. वाट बरीच पाहावी लागली, पैसेही टोचले, पण ती त्या सावलीवर अशी बसली की कडेला काही उरलं नाही. इतके महिने जिचा वैताग केला तीच शेवटी खूणगाठ म्हणून कामी आली, मोजपट्टी काढावीच लागली नाही.

जुन्या लोगोवरच चिकटवायची रेझिनची चकती हा तिसरा, स्वस्तातला मार्ग आहे. तो मी स्वतः वापरलेला नाही. ओळखीच्या एकाच्या गाडीवर दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडून कडेनं उचलली गेली, एवढंच पाहिलंय.

लावताना एक गोष्ट मात्र नागपूरच्या हवेची. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपला पत्र्याचं तापमान २१ ते ३८ अंशांच्या मध्ये आवडतं. लावल्यावर वीसेक मिनिटांत ती निम्मी ताकद धरते, पूर्ण ताकदीला साधारण ७२ तास घेते. म्हणजे मे महिन्यात डिकीवर हात ठेववत नाही तेव्हा हे काम काढू नका आणि डिसेंबरच्या गारठ्यात पहाटेही नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळी अकराची वेळ मला मानवली. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, नंतर तीन दिवस गाडी धुवायला देऊ नका. प्रेशरचा पाइप तर अजिबात नको.

मग मोकळं कोणी ठेवावं? गाडी पांढरी किंवा चंदेरी असेल, दोन-तीन वर्षांचीच असेल, कायम झाकलेल्या पार्किंगमध्ये राहिली असेल, तर सावली बहुधा नावालाच दिसेल. डिकी तसंही रंगवायची असेल तर प्रश्नच मिटला. अशा माणसाला मी अडवणार नाही, उलट थोडा हेवाच करीन. पण गाडी लाल, निळी किंवा काळी, दहा वर्षांच्या पुढची आणि विदर्भाच्या उन्हात उघड्यावर वाढलेली असेल, तर काढण्याआधी दोनदा विचार करा असं माझं नम्र सांगणं आहे. सकाळी आठला गाडीची पाठ सूर्याकडे करून उभी करा आणि एका अक्षराच्या कडेला बारकाईनं पाहा. अक्षराला लागून रंगाची गडद किनार दिसली तर खाली काय असेल याचा अंदाज येतो.

हो, आणि कोणी सुचवेल की लावतोच आहेस तर 'एम'चा, म्हणजे कंपनीच्या जास्त जोरदार गाड्यांवर असतो तो, बॅज लाव. मलाही सुचवलं गेलं. फुटाळा तलावावर ज्याला गाड्यांतलं कळतं तो सायलेन्सर ऐकूनच ओळखतो, आणि ज्याला कळत नाही त्याला 'एम' म्हणजे काय तेही ठाऊक नसतं. फसवायचं कोणाला?

काहीही ठरवा, नवी अक्षरं हातात आल्याशिवाय जुनी काढू नका. माझी जुनी 'झेड' आणि 'फोर' संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहेत. नक्कल आणि अस्सलमधला तो केसभर फरक मला त्यांच्याशी ताडूनच दिसला होता.