हौशी की प्रो: माझं पारडं कुठे झुकलं

बॉक्सिंगमध्ये दोन-चार पदकं गाठीशी असलेल्या मुलाला कोणी ना कोणी विचारतंच, "मग, प्रो कधी होतोस?" मलाही विचारलं होतं. नव्वदेक हौशी लढती खेळून मी प्रो, म्हणजे व्यावसायिक बॉक्सर, झालो. तीन वर्षांत सहा लढती खेळलो, चार जिंकलो, दोन हरलो आणि थांबलो. आता मुलांना शिकवतो. त्यातले दोघं सध्या याच उंबरठ्यावर उभे आहेत आणि त्यांना सरावानंतर जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहितोय. फेऱ्या किती, ग्लोव्ह्ज किती औंसांचे, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

पदकावरून पुढचं काही सांगता येत नाही, हे आधी मान्य करू. हॉवर्ड डेव्हिस ज्युनियरने १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून व्हाल बार्कर चषकही नेला. त्याच संघात शुगर रे लेनर्ड होता. पुढे लेनर्ड प्रोमध्ये अनेकदा विश्वविजेता झाला. डेव्हिसला विश्वविजेतेपदाच्या तीन संधी मिळाल्या आणि तिन्ही हुकल्या. सिडनी ऑलिंपिकचा सुपर हेवीवेट सुवर्णविजेता ऑडली हॅरिसन पहिल्या १९ लढती सलग जिंकला, पण विश्वविजेतेपदाच्या लढतीत २०१० साली डेव्हिड हे याच्यासमोर तिसऱ्याच फेरीत संपला.

असं का होतं, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे हौशी बॉक्सर गुणांसाठी खेळतो आणि प्रो इजा करायला. यात तथ्य आहे. तीन फेऱ्यांच्या खेळात नऊ मिनिटांत सगळा हिशेब चुकता करायचा असतो, म्हणून आपण घंटा वाजताच सुटतो. आत घुसायचं, दोन-तीन स्वच्छ ठोसे, की बाहेर. प्रोमध्ये मुरलेला गडी पहिल्या दोन फेऱ्या खुशाल देऊन टाकतो. तुमचे ठोसे गार्डवर, म्हणजे तोंडापुढे धरलेल्या हातांवर, घेत तो तुमच्या बरगड्यांवर नजर ठेवून असतो. माझ्या तिसऱ्या लढतीत, सहापैकी चौथ्या फेरीत, उजव्या बरगडीखाली यकृतावर डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, बसला. असे हूक हौशीत कितीतरी खाल्ले होते, पण तेव्हा घंटा जवळ असायची. इथे पाय शिशाचे झाले आणि अजून दोन फेऱ्या शिल्लक होत्या.

मिठीचंही, म्हणजे समोरच्याला हातांनी जखडून धरण्याचंही, तसंच. हौशीत रेफ्री लगेच सोडवतो. प्रोमध्ये मिठीतच खरं काम चालतं: खांद्याने हनुवटी ढकलणं, मानेवर सगळं वजन टाकणं, मोकळ्या हाताने कुटणं. युक्रेनचा व्हासिल लोमाचेंको ३९६ हौशी लढती जिंकून आणि फक्त एक हरून आला होता. त्यालाही दुसऱ्याच प्रो लढतीत, मार्च २०१४ मध्ये, मेक्सिकोच्या ओर्लांडो सालिदोने हे सगळं दाखवलं. सालिदो वजनात बसला नव्हता, कमरेखालीही मारत राहिला आणि पंचांच्या विभागलेल्या निर्णयावर जिंकला.

उलटा प्रवासही तितकाच अवघड असतो. २०१६ मध्ये रिओला पहिल्यांदा प्रो बॉक्सरना दार उघडलं, तेव्हा माजी विश्वविजेता हसन एन्'दाम पहिल्याच लढतीत हरला. थायलंडचा अम्नात रुएनरोएंगही पदकाविना परतला. म्हणून या दोन पायऱ्या आहेत, एक खालची आणि एक वरची, असं मी मानत नाही. ते दोन वेगळे खेळ आहेत.

आणि ठोसे सोसणं, मिठीत टिकणं, दम राखणं हे शिकता येतं, असं मला वाटतं. लोमाचेंको सालिदोकडून हरल्यावर चौथ्याच महिन्यात विश्वविजेता झाला. क्युबाचा रोबेसी रामिरेझ तर दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन आला, प्रो पदार्पणाच्या लढतीत पहिल्याच फेरीत खाली पडला, ती लढत हरला आणि २०२३ मध्ये विश्वविजेता झाला. शिकवणारा बरा असेल आणि शिकणाऱ्यात चिकाटी असेल, तर वर्ष-दीड वर्षात अंगात बसतं. माझ्याही बसत आलं होतं.

मला जे कधीच जमलं नाही, ते वाट पाहणं.

हौशी स्पर्धेत सोडत निघते, आज लढत, उद्या-परवा पुन्हा. सकाळी वजन, दुपारी रिंग. हरलो तरी पुढची स्पर्धा नजरेत असते. माझं टायमिंग या रेट्यावर जगत होतं आणि ते मला प्रो होईपर्यंत कळलंच नाही. प्रोमध्ये तीन वर्षांत माझ्या अकरा तारखा ठरल्या आणि लढती झाल्या सहा. कधी समोरच्याला दुखापत, कधी कार्यक्रमच पुढे ढकलला, कधी प्रतिस्पर्धी बदलला. डावखुऱ्यासाठी नऊ आठवडे तयारी करावी आणि शेवटच्या बुधवारी कळावं की आता उजवा आहे.

एक संध्याकाळ अजून तशीच डोळ्यांसमोर आहे. आदल्या दिवशी वजन उतरवून दिलं होतं. ड्रेसिंग रूममध्ये कोचने गॉझ आणि टेपने माझे दोन्ही हात बांधले, निरीक्षकाने येऊन बोटांमधून तपासलं आणि मनगटावरच्या टेपवर सही केली. घाम फुटेपर्यंत पॅडवर मारून झालं. मग दार अर्धवट उघडून कोणीतरी कोचला बाहेर बोलावलं. समोरचा वैद्यकीय तपासणीत अडकला होता आणि बदली कोणी नव्हतं. कोच आत आले, काही न बोलता कात्री घेतली आणि त्या सहीवरूनच टेप कापत गेले. बारा आठवड्यांची तयारी, सहा किलो वजन, सगळं त्या कात्रीखाली गेलं. पुढची तारीख मिळायला पाच महिने लागले. त्या लढतीत माझा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दरवेळी अर्धा क्षण उशिरा पोचत होता. मला दिसत होतं, पण हाताला सांगता येत नव्हतं. ती मी हरलो.

तेव्हापासून पदकवाल्यांच्या प्रो कारकिर्दी बघताना मी आधी तारखा बघतो. विजेंदर सिंगचंच घ्या. २०१५ मध्ये प्रो झाल्यावर सलग १२ लढती जिंकल्या, पण डिसेंबर २०१७ नंतरची लढत थेट जुलै २०१९ मध्ये झाली. पुढे नोव्हेंबर २०१९ नंतर मार्च २०२१. मध्ये महासाथ होती, हे खरंच. वयही पस्तिशीला आलं होतं. पण पहिला पराभव त्या दुसऱ्या मोठ्या खंडानंतरचा आहे, आणि मला तो योगायोग वाटत नाही. माझं निदान चुकतही असेल. माझ्या स्वतःच्या दुखण्यावरून मी इतरांचं मोजतोय, हे मला कळतं.

प्रोच्या बाजूने मनापासून सांगण्यासारखंही आहे. एकाच माणसाचा महिनोन्महिने अभ्यास करण्यात जो आनंद आहे, तो मला हौशीत कधी मिळाला नाही. वजनाचा मुद्दा तर मोठाच. पॅरिस २०२४ ला पुरुषांसाठी फक्त सात वजनगट होते आणि ७१ किलोनंतर थेट ८०. तुमचं अंग ७५ चं असेल तर एक तर हाडं दिसेपर्यंत उतरायचं, नाही तर आपल्यापेक्षा दांडग्यांशी भिडायचं. प्रोमध्ये १७ गट आहेत, तुमच्या अंगाचा गट नक्की सापडतो. शिवाय जो तिसऱ्या फेरीत कुठे तापायला लागतो, ज्याचे ठोसे पोटावर जड पडतात, त्याच्यावर हौशी खेळात अन्यायच होतो. माझ्या दोघांतला एक असा आहे आणि त्याला मी अडवत नाही.

दुसऱ्याला मात्र थांब म्हणतोय. त्याचा सगळा खेळ वेगाचा, नजरेचा, आणि आठवड्यात दोनदा रिंगमध्ये उतरला की फुलणारा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग राहणार की नाही, ही टांगती तलवार होती. मार्च २०२५ मध्ये तीही गेली. क्युबाच्या तिओफिलो स्टीव्हन्सनने तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली आणि प्रोचे मोठमोठे प्रस्ताव नाकारले. त्याच्या देशात तेव्हा प्रो बॉक्सिंगला बंदी होती, त्यामुळे त्याची निवड आणि आपली निवड एक नाही. तरी कोणी त्याला अर्धा बॉक्सर म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

तरीही जायचंच असेल, तर आधी एक करून बघा. बारा आठवडे एकही लढत न घेता पूर्ण तयारी करा, वजन उतरवा आणि शेवटच्या दिवशी रिंगमध्ये न उतरता घरी जा. दुसऱ्या सोमवारी पहाटे आपणहून जाग आली आणि दोरीच्या उड्या माराव्याशा वाटल्या, तर करार वाचायला घ्या. त्यात रकमेच्या आधी एक ओळ शोधा: वर्षाला किमान किती लढती देणार, आणि दिल्या नाहीत तर काय. माझ्या करारात ती ओळ नव्हती.