चक्कर आली की स्टेमेटिल घ्यायची की व्हर्टिन?

दोन्ही गोळ्या ‘चक्करच्या’ म्हणूनच ओळखल्या जातात, पण त्यांची कामं वेगळी आहेत.

स्टेमेटिल म्हणजे प्रोक्लोरपेराझिन. खोली गरगर फिरतेय, उलटी थांबत नाही, अशा वेळी ती लवकर आराम देते. साधारण 5 मिलिग्रॅम, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा आणि दोन-तीन दिवसच. घरोघरी चूक होते ती इथेच: बरं वाटलं म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवतात. कानातला तोल बिघडला की मेंदू हळूहळू जुळवून घेतो. ही गोळी ते जुळवून घेणंच लांबवते. वयस्कर माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं, उठताना बीपी उतरून पडणं हेही होतं. तरुणांत कधी मान किंवा जबडा वाकडा होऊन आखडतो. तसं झालं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा.

व्हर्टिन म्हणजे बीटाहिस्टिन. मेनिएर आजारात, म्हणजे चक्करसोबत कानात आवाज आणि ऐकू कमी येणं असेल तर, ती दिली जाते. दिवसाला 24 ते 48 मिलिग्रॅम, विभागून, जेवणासोबत. उपाशीपोटी पोटात जळजळते. गुण यायला काही आठवडे लागतात. दमा किंवा अल्सर असेल तर आधी सांगा. फिओक्रोमोसायटोमा (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीची गाठ) असल्यास घ्यायचीच नाही.

कूस बदलताच मिनिटभर गरगरत असेल तर बहुधा कानातले कण सरकलेले असतात. तिथे दोन्हींपेक्षा एप्ली मॅन्युव्हर, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणण्याची पद्धत, सरस.

बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, तोंड वाकडं होणं: गोळी शोधत बसू नका, 108 ला फोन करा.