दिव्याची पॅसेंजर, तुतारी, मांडवी की एसटी? आधी उतरायचं कुठे ते सांगा

मुंबईहून कोकणात गावाला जायला बरी गाडी कुठली, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, उतरायचं कुठे? चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ असं उत्तर आलं तर गाड्यांना तोटा नाही, तोटा तिकिटांचा. पण विन्हेरे, कडवई, उक्षी, निवसर, झाराप असलं काही नाव आलं की पर्याय एका हाताच्या बोटांवर येतात आणि खरा विचार तिथून सुरू होतो. वेळापत्रकात कुठली गाडी दोन तास आधी पोचते हे बघून ठरवणारे लोक शेवटी स्टेशनाबाहेर रिक्षा शोधत उभे असतात.

आमचंच घ्या. आमचं स्टेशन कडवई. ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनातून सकाळी सहा-साडेसहाला सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर तिथे थांबते. दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस थांबते ती त्याच्या अलीकडे आरवलीला आणि पलीकडे संगमेश्वरला. म्हणजे तुतारीने गेलो तर रात्रीची झोप होते, पण अंधारात आरवलीला उतरायचं आणि उजाडेपर्यंत बॅगेवर बसून राहायचं. रिक्षा सांगून ठेवलेली असली तर ठीक, नाहीतर वाचवलेला वेळ तिथेच फिटतो. पॅसेंजरला दुपार होते, पण उतरलं की घर दिसतं.

पॅसेंजरबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू. आपण सगळे तिला पॅसेंजर म्हणतो, पण कागदावर ती एक्सप्रेस आहे. नंबर १०१०५. पहिला आकडा १ किंवा २ असेल तर लांब पल्ल्याची एक्सप्रेस, ५ असेल तर साधी पॅसेंजर, ६ म्हणजे विजेवरची मेमू, ७ म्हणजे डिझेलवरची डेमू आणि ० म्हणजे स्पेशल. भाडं या वर्गवारीप्रमाणे लागतं, गाडी किती स्टेशनांवर थांबते यावर नाही. करोनानंतर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं भाडं लागलं आणि किमान तिकीट १० रुपयांवरून ३० वर गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातल्या बऱ्याच गाड्यांचं ते पुन्हा उतरलं. म्हणून खिडकीवर ‘पॅसेंजरचं द्या’ असं मोघम म्हणू नका, गाडीचं नाव सांगा. साध्या भाड्याचं तिकीट घेऊन एक्सप्रेसमध्ये सापडलात तर फरकावर दंडही भरावा लागतो.

दुसरी, आणि कागदावरही खरी, पॅसेंजर म्हणजे रत्नागिरीची. ती पूर्वी दादरहून सुटायची, आता दिव्याहून सुटते. दुपारी निघून रात्री उशिरा रत्नागिरी. दादरपर्यंत पुन्हा आणा ही मागणी जुनी आहे आणि माझ्या मते रास्तही आहे. दिवा हे लोकल बदलण्याचं स्टेशन, चार बोचकी आणि दोन पोरं घेऊन चढण्याचं नाही. पण आत्ता तरी ती दिव्याहूनच सुटते. उपनगरातून येणाऱ्याने सामान दोन हातांत मावेल एवढंच घ्यावं. हार्बरवरच्यांना पनवेल जवळ पडतं, मात्र तिथे बसायला जागा मिळेल ही आशा सोडून चढायचं. गणपतीत तर दिव्यालाच डबा भरतो आणि आतली मंडळी पुढच्या स्टेशनांवर दरवाजा उघडत नाहीत. मी स्वतः आत बसून बाहेरच्यांच्या शिव्या ऐकल्यात आणि पुढच्या वर्षी बाहेर उभा राहून त्याच शिव्या दिल्यात.

आता उशिराबद्दल. पॅसेंजर बेभरवशाची आहे असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ती बेभरवशाची नाही, रांगेत शेवटची आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण त्यापुढे मार्ग मुख्यतः एकेरी. समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावं लागतं. मागून येणाऱ्या जलद गाडीलाही वाट द्यायची असते. राजधानी, केरळकडे जाणाऱ्या मंगला आणि नेत्रावती, जनशताब्दी, या सगळ्यांचा मान आधी. एकदा एका छोट्या स्टेशनात आमची गाडी क्रॉसिंगला टाकली. लोक उतरले, कोणी नळावर तोंड धुतलं, एका काकूंनी डबा सोडला. अर्ध्या तासाने जी गाडी धडधडत गेली तिच्यावर माणसं नव्हतीच, ट्रक होते. मालगाडीच्या वाघिणींवर चढवलेले, ताडपत्री घातलेले ट्रक. हीच ती रो-रो, ट्रकच रेल्वेवर लादून नेणारी सेवा. शेजारचे आजोबा म्हणाले, “आपल्यापेक्षा कांद्यांना घाई जास्त.” ही सेवा १९९९ पासून चालू आहे आणि तिच्यासाठी थांबण्याची सवय करून घ्यावी लागते.

तेव्हा पॅसेंजरने जायचं असेल तर त्या दिवशी संध्याकाळचं काही ठरवू नका. लग्नाची हळद सहाला आणि तुम्ही सावंतवाडीपर्यंत पॅसेंजरने, हा जुगार आहे. शेवटपर्यंत जाणाऱ्याला मी पॅसेंजर सुचवतच नाही. ती मधल्या स्टेशनांची गाडी आहे.

पावसाळ्यात सगळ्याच गाड्यांचे हिशेब बदलतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. डोंगर कापून काढलेल्या खोदाईत दरड येण्याची भीती, म्हणून वेग कमी, आणि जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही असा चालकांना नियम. गणपती बहुतेक याच काळात येतात. मागच्या मे महिन्यातली वेळ डोक्यात ठेवून जाऊ नका.

तुतारीकडे वळू. रात्री बाराला निघून सकाळी सिंधुदुर्गात, आणि मधल्या सावर्डे, आरवली, आडवली, विलवडे, नांदगाव असल्या स्टेशनांवरही थांबते. झोपून जाणारी आणि तरीही लहान स्टेशनं न टाळणारी अशी ही गाडी, म्हणून वैभववाडीच्या पुढे जाणाऱ्याला माझं पहिलं मत तिलाच. कणकवली-कुडाळला सकाळी उतरलात की एसटी, रिक्षा सगळं जागं असतं.

पण तिची वेळ ००:०५ आहे आणि हे पाच मिनिटांचं प्रकरण भल्याभल्यांना नडतं. तिकिटावर २४ तारीख असेल तर दादरला जायचं २३ च्या रात्री. आमचे एक मेहुणे २४ ला रात्री जेवूनखाऊन, विड्याचं पान चघळत फलाटावर आले. गाडी आली, त्यांच्या जागेवर दुसरंच कुटुंब चादर पसरून बसलं होतं. मेहुणे आवाज चढवून भांडले. टीसीने तिकीट हातात घेतलं, शांतपणे घड्याळ दाखवलं आणि म्हणाले, “काका, तुमची गाडी काल गेली.” आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाही हाच घोळ लक्षात ठेवा. तत्काळचंही तसंच. बिगर-एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ ला उघडतं, म्हणजे तुतारीसाठी ११ ला तिकीट काढलं की त्याच रात्री निघायचं.

मांडवीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी सव्वासातच्या आत सीएसएमटीहून सुटते, दिवसाउजेडी प्रवास, आणि खाण्यापिण्यात तिच्या तोडीची दुसरी गाडी या मार्गावर नाही. रत्नागिरीला किंवा संगमेश्वरला मुलंबाळं घेऊन जायचं असेल आणि आरक्षण मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. जनशताब्दी पहाटे ५:१० ला निघते, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशी मोजकीच थांबते, आणि तिला जनरल डबाच नाही. साधं तिकीट घेऊन ‘बसू कुठेतरी’ हा बेत तिथे चालत नाही.

जनरल तिकिटाचे दोन नियम माहीत असले की बराच मनस्ताप वाचतो. १९९ किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाचं तिकीट काढल्यावर तीन तासांत, किंवा त्या बाजूची पहिली गाडी सुटेपर्यंत, प्रवास सुरू करावा लागतो. पनवेलहून माणगावला जाणाऱ्याने सकाळीच तिकीट काढून दुपारी निघायचं म्हटलं तर ते चालत नाही. २०० किलोमीटरच्या पुढचं तिकीट मात्र खिडकीवर तीन दिवस आधीही मिळतं. कडवईचं मी आदल्या दिवशीच काढून ठेवतो. पहाटे दिव्याला रांगेत उभं राहणं वाचतं, आणि तेवढ्या वेळात खिडकीची जागा पकडता येते.

खिडकीची जागा आता पूर्वीपेक्षा सुखाची आहे, हेही सांगायला हवं. २०२२ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. डिझेलच्या दिवसांत साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरताना काच खाली ओढली नाही तर नाकाला रुमाल लागायचा. आता तो वास नाही. फोनची रेंज मात्र अजूनही बोगद्यागणिक जाते, आणि असे बोगदे ९० हून अधिक. मोबाईलच्या टॉवरवरून गाडी दाखवणारं ॲप तिथे गोंधळतं, गाडी मागच्याच स्टेशनात उभी असल्याचं सांगत राहतं. घ्यायला येणाऱ्याला ॲपवर विसंबायला सांगू नका. आधीचं मोठं स्टेशन सुटलं की फोन करा.

पॅसेंजरला पँट्री नाही. मे महिन्यात फलाटावर पानाच्या द्रोणात करवंदं मिळतात, वडापाव मिळतो, पण जेवणाचा डबा घरचाच हवा. पिण्याचं पाणीही जास्तीचं घ्या.

राहिली एसटी. रेल्वेवाले तिला हिशेबात धरत नाहीत, मी धरतो. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच. एकट्याने जाणाऱ्या तरुणाला जनरलचं तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. पण आजी, आई, बहीण असा लवाजमा आरक्षणाच्या डब्यातून न्यायचा असेल तर बेरीज करून बघा, एसटी पुढे जाते. शिवाय ती तालुक्याच्या स्टँडवर सोडते. सावंतवाडी किंवा राजापूर रोडसारखी स्टेशनं गावापासून लांब आहेत, त्यांच्यासाठी हा मुद्दा मोठा. तोटा म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. २०११ पासून त्याचं काम चाललंय, आणि रात्रभर हाडं खिळखिळी होतात. गुडघे दुखणाऱ्याने आणि ज्याला तासातासाला उतरावं लागतं त्याने एसटीच्या वाटेला जाऊ नये, गाडीत निदान उठून चालता येतं आणि संडास असतो.

आमच्या घरी तरीही मतभेद आहेत. आई ७६ वर्षांची, गुडघे धड, आणि फुकटच्या तिकिटाचा तिला भारी अभिमान. कंडक्टरपुढे आधार कार्ड धरताना तिचा चेहरा बघावा. यंदा ती रात्रीच्या एसटीने पुढे गेली, मी सामान घेऊन सकाळच्या पॅसेंजरने. बाराच्या सुमारास तिचा फोन आला.

“भात टाकू का? कुठवर आलास?”

“सावर्ड्याला.”

“मग आलासच की.”

“क्रॉसिंगला टाकलीय.”

“बरं. मग नंतर टाकते.”