पावसात मालवण: सुरमई नाही म्हणणारी खानावळ

जून-जुलैत मालवणला जाऊन सुरमई मागू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हे दिवस माशांच्या विणीचे, आणि दर्याही खवळलेला. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, तारकर्लीचे वॉटर स्पोर्ट्स बंद, मे महिन्यात तासभर ताटकळत ठेवणाऱ्या कित्येक हॉटेलांना कुलूप. जी उघडी राहतात, त्यांतल्या काहींच्या मेनूवर सुरमई थाळी मात्र तशीच असते. ती बर्फातली. मासा भुसभुशीत झालेला आणि वर मसाला नि रवा थापलेला. पाहुण्याला हे खाऊ घालणं मला अजिबात पटत नाही.

म्हणून बाजारपेठेच्या आतल्या गल्लीतल्या या घरगुती खानावळीबद्दल लिहिते आहे. ओटीवर चार बाकडी आणि खडूचा फळा, एवढंच. मी कुडाळची, कामासाठी मालवणला येणं होतं. परवा भर पावसात गेले, तर फळ्यावर सुरमई-पापलेट खोडलेलं, आणि टेकायच्या आधीच काकी म्हणाल्या, "सुरमय आता ऑगस्टात. खाडीतल्यो कुर्ल्यो असत, चलात?"

कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, सांबारं अप्रतिम होतं. बारीक नांग्या ठेचून त्यांचा रस वाटणात घातलेला, त्यामुळे रश्शालाच कुर्लीची गोडी. खोबरं नीट तांबूस भाजलेलं, तिखट बेताचं. सोबत उकड्या तांदळाचा भात. पण मला खरं जिंकलं ते सुक्या बांगड्याच्या किसमुरीने. भाजून चुरलेला बांगडा, ओलं खोबरं, कांदा, चिंच आणि वरून कच्चं खोबरेल. हे पावसातलं घरचं जेवण, मे महिन्याच्या थाळीत ते कोणी वाढत नाही. शिवाय फणसाच्या आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी. टाकळा पहिल्या पावसातच कोवळा मिळतो, पुढे निबर होतो, तेव्हा ती खायची तर आत्ताच. सोलकढी यंदाच्या कोकमाच्या आगळाची, रंग बघूनच कळतं.

ताट २२० रुपये. शेजारी बँकेतली माणसं आणि एसटीचे ड्रायव्हर जेवत होते. रोज इथेच जेवणाऱ्यांना फसवून चालत नाही, म्हणूनही मला या जागेचा भरवसा वाटतो.

एक तक्रार आहे. एकट्या माणसाला वडे देत नाहीत, निदान चार जण तरी लागतात. दोन वडे घाण्यातून बाजूला काढायला काय हरकत आहे?

सोमवारी शाकाहारी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. श्रावणात महिनाभर तेच. रात्री चूल पेटत नाही. दुपारचंही माणसं मोजूनच शिजवतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत जाऊन सांगून या.