सोलर बसवणाऱ्यांचं काम मी अर्थिंगवरून जोखलं

छतावर ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेली सोलर यंत्रणा बसवून घेतली आणि तिच्यावरून एक पावसाळाही गेला, म्हणून आता लिहितो. पॅनेल किती वॅटचे, युनिट किती पडतात, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझी नोकरी कारखान्याची वीज सांभाळण्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी अर्थिंगच्या हिरव्या-पिवळ्या वायरकडे जाते. या टीमचं कामही मी त्याच वायरवरून जोखलं.

सुरुवात फ्रेमपासून. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर अ‍ॅनोडायझिंगचा जो पातळ थर असतो, तो वीज वाहू देत नाही. क्लॅम्प कितीही घट्ट आवळला तरी फ्रेम रेलशी, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात त्या पट्टीशी, विजेच्या दृष्टीने जोडली गेली, असं धरून चालता येत नाही. या मुलांनी क्लॅम्पखाली दातेरी स्टेनलेस वॉशर घातले. त्यांचे दात थर फोडून धातूत रुततात. रेलच्या प्रत्येक सांध्यावर जंपर, म्हणजे दोन्ही तुकडे जोडणारी वायर, टाकला. तांब्याची वायर अ‍ॅल्युमिनियमला उघडी भिडवली नाही, मध्ये कथील चढवलेला लग (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) वापरला, कारण हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना भिडले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं आणि सांधा सैल पडतो. वायर 6 चौरस मिलिमीटर तांब्याची, म्हणजे आयईसी या विजेची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या किमान मापाची. ढाचा लाइटनिंग अरेस्टरला, म्हणजे वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या यंत्रणेला, जोडायचा असता तर 16 लागली असती.

काम सुरू होण्याआधी मी त्यांच्या मुकादमाला विचारलं होतं, "डीसीचा, म्हणजे पॅनेलकडून येणाऱ्या विजेचा, मायनस अर्थ करणार का?"

"नाही काका, या इन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. मायनस अर्थ केला तर ग्रिडच्या न्यूट्रलशी वाट जुळेल आणि इन्व्हर्टर चालूच होणार नाही. अर्थ करायचा तो फक्त ढाचा, फ्रेम आणि इन्व्हर्टरची बॉडी."

इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र. उत्तर अचूक होतं, आणि काम यांनाच द्यायचं हे मी तिथेच ठरवलं. धातूचा सांगाडा अर्थ करणं वेगळं आणि वीज वाहणारी तार अर्थ करणं वेगळं. पहिलं प्रत्येक यंत्रणेत हवंच, दुसरं इन्व्हर्टरच्या रचनेवर ठरतं. हा फरक न समजणारा माणूस छतावर चढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमिनीतलं कामही नीट झालं. सोलरसाठी नवा रॉड ठोकला, पण तो एकटा न ठेवता घराच्या मुख्य अर्थ-पट्टीशी जोडला. सोलरचं अर्थिंग घरापासून तोडून ठेवावं असं अनेकजण आग्रहाने सांगतात. ते धोक्याचं आहे. जवळपास वीज पडली की न जोडलेल्या दोन रॉडमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक इन्व्हर्टरच्या आतून वाट काढतो.

खरी परीक्षा पावसात झाली. रात्रभर पाऊस झाला की सकाळी इन्व्हर्टर सुरू होईना, पडद्यावर आयसोलेशन फॉल्ट, म्हणजे डीसीची वीज कुठेतरी जमिनीकडे गळतेय असा इशारा. दुपारी ऊन पडून सगळं सुकलं की आपोआप चालू. असा इन्व्हर्टर ग्रिडला जोडण्याआधी डीसी तारा आणि जमीन यांच्यातला रोध तपासतो. त्याची कमाल डीसी मर्यादा 600 व्होल्ट असेल तर निदान 20 किलोओहम लागतात. कमी दिसले की तो थांबतो. थांबला हे चांगलंच झालं. टीम आली. छतभर पॅनेल उचकटत बसण्याऐवजी त्यांनी स्ट्रिंग, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलची माळ, इन्व्हर्टरपासून सोडवून मीटर लावला: प्लस ते अर्थ 280 व्होल्ट, मायनस ते अर्थ 120. पॅनेल दहा, प्रत्येकाचे साधारण 40 व्होल्ट. 120 म्हणजे तीन पॅनेलचे, म्हणून दोष मायनसकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलच्या मधे. तिथलंच पॅनेल उचललं, तर केबल फ्रेम आणि रेलमध्ये चिमटून तिचं आवरण फाटलेलं. मुळात ती चिमटली याचा दोष त्यांचाच. पण शोधण्याची पद्धत पाहून मन भरलं.

एवढ्याशा फाटक्या आवरणाचं काय एवढं, असं वाटणाऱ्यांसाठी सांगतो. 2009 साली कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये एका मोठ्या दुकानाच्या छतावरच्या सोलरला आग लागली. तिथे डीसीची एक तार इन्व्हर्टरमधल्या फ्यूजमार्गे अर्थ केलेली होती. त्या अर्थ केलेल्या तारेतच पहिला दोष आला, तर त्यातून जाणारा करंट फ्यूज उडवण्याइतका नसतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या तारेत दुसरा दोष आला की फ्यूज उडतो, पण तोवर करंटला पहिल्या दोषाची वाट तयार असते आणि आग पेटते. आता आयईसीच्या नियमाप्रमाणे आमच्यासारख्या लहान इन्व्हर्टरमध्ये गळती 300 मिलिअँपिअरवर गेली की 0.3 सेकंदात तो ग्रिडपासून सुटतो, आणि गळती अचानक 30 मिलिअँपिअरने वाढली तरी सुटतो.

आता नाराजी. डीसी बॉक्समधल्या सर्ज प्रोटेक्टरची (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत वळवणाऱ्या उपकरणाची) अर्थ वायर त्यांनी छान वळणं देत, दिसायला सुबक, पण लांब नेली. ही वायर सुबक नाही, आखूड हवी. जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत. सर्जचा करंट इतक्या झपाट्याने चढतो की वायरच्या दर मीटरमागे साधारण हजार व्होल्टची भर पडते, आणि ती इन्व्हर्टरला सोसावी लागते. सांगितल्यावर बदलून दिली, तीही जरा कुरकुरत.

दुसरी नाराजी अहवालाची. मेगरचे, म्हणजे तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरचे, आकडे लिहिलेत, सगळे एक मेगाओहमच्या बरेच वर. पण फ्रेमपासून मुख्य अर्थ-पट्टीपर्यंतच्या सलगतेचा, म्हणजे वाट कुठे तुटलेली नाही ना याचा, रकाना कोरा. मोजताना मी शेजारी उभा होतो, मोजलं ते नक्की; लिहिलं मात्र नाही. उद्या एखादं पॅनेल धुवायला किंवा बदलायला काढलं, तर वॉशर नवे घालून सलगता पुन्हा मोजावी लागेल, आणि तुलना कशाशी करायची ते कागदावर हवं. तो रकाना भरून मागितला आहे, अजून आलेला नाही.