क्लबचे सॉकर आणि शाळेचे सॉकर : न्यू जर्सीतील एका वर्षाचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात आमची मुलगी गावच्या रिक्रिएशन (हौशी) संघातून एका खासगी क्लबमध्ये गेली आणि नववीत जाताच ऑगस्टमध्ये शाळेच्या संघाच्या निवड चाचणीलाही उतरली. त्यामुळे दोन्ही व्यवस्था आम्हाला एकाच वर्षात जवळून पाहता आल्या. या वाटेला नव्याने लागणाऱ्या मराठी पालकांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

आधी पैशांचे. क्लबची वार्षिक फी 3,100 डॉलर होती आणि तोच एकूण खर्च समजून आम्ही होकार दिला. प्रत्यक्षात फी हा खर्चाचा जेमतेम अर्धा भाग निघाला. गणवेशाचा संच 420 डॉलरचा. मेरीलँड, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना येथील स्पर्धांना आयोजकांनी नेमून दिलेल्या हॉटेलांतच उतरण्याची सक्ती होती, मग शेजारचे हॉटेल कितीही स्वस्त असो. मे अखेरीस हिशेब 6,400 डॉलरवर गेला. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार 2024 साली अमेरिकी कुटुंबांनी मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी 1,016 डॉलर खर्च केले आणि ही रक्कम 2019 पेक्षा 46 टक्क्यांनी जास्त होती. आम्ही त्या सरासरीच्याही सहापट पुढे गेलो. मनाला लागलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. न्यू जर्सीत शाळेचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असल्यामुळे त्या काळात आमच्या मुलीच्या वयोगटाचे क्लबचे सराव जवळजवळ बंद होते. हप्ते तेवढे नेमाने कापले जात होते.

शाळेने 150 डॉलर घेतले. बूट आणि शिनगार्ड आमचे, बाकी गणवेश आणि पिवळी बस शाळेची. (शाळा ज्या मालमत्ता करावर चालतात त्याचा विषय काढत नाही, तो मूल खेळो न खेळो भरायचाच असतो.)

क्लब इतके महाग का, याचे एक कारण मला उशिरा कळले. फिफाच्या नियमांनुसार खेळाडू व्यावसायिक झाला की त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबला मोबदला मिळू शकतो. अमेरिकेतील क्लबांना तो वर्षानुवर्षे मिळाला नाही, एमएलएस या अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक लीगने आपल्या अकादमींसाठी तो मागायला 2019 मध्ये सुरुवात केली आणि मुलींच्या फुटबॉलला तर प्रशिक्षणाच्या मोबदल्याचा हा नियम लागूच नाही. म्हणजे क्लबचे उत्पन्न पालकांच्या खिशातून येते, आणि क्लबमधील स्पर्धेचे स्वरूपही त्यावरूनच ठरते.

शाळेच्या चाचणीला साठाहून अधिक मुली आल्या होत्या आणि जागा त्याहून बऱ्याच कमी होत्या. भर उन्हात तीन दिवस चाचणी झाली आणि चौथ्या दिवशी यादी लागली. आमच्या मुलीला ज्युनियर व्हर्सिटी संघात, म्हणजे व्हर्सिटी या शाळेच्या मुख्य संघाखालच्या संघात, जागा मिळाली, तिची प्राथमिक शाळेपासूनची मैत्रीण मात्र वगळली गेली. दोन्ही घरांत तो आठवडा जड गेला. क्लबमध्ये असे कधी घडलेच नाही, कारण तिथे कोणालाच ‘नाही’ म्हटले जात नाही. पहिल्या संघात न बसणारीसाठी दुसरा संघ असतो, दुसऱ्यात न बसणारीसाठी तिसरा, आणि फी तिन्ही संघांना सारखीच. चांगला प्रशिक्षक, चांगले मैदान आणि चांगले प्रतिस्पर्धी पहिल्या संघाच्या वाट्याला येतात, आणि त्यांचा खर्च खालच्या दोन संघांचे पालक उचलतात. आमची मुलगी दुसऱ्या संघात होती.

तरीही खेळाचा दर्जा क्लबचाच सरस होता, हे मान्य करावे लागेल. आठवड्याला तीन सराव, गोलरक्षकापासून जमिनीवरून पास देत चढाई बांधण्याची शिकवण, चूक झाल्यावर ती का झाली हे समजावणारा प्रशिक्षक, हे सारे तिला क्लबनेच दिले. शाळेत आठवड्याला दोन-तीन सामने, सराव अपुरा, आणि बदलून बाहेर गेलेली खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकत असल्यामुळे धावाधाव व लांब किक यांवरच भर. पण संध्याकाळी दिव्यांखाली व्हर्सिटीचा सामना सुरू झाला की सारे गाव कुंपणाला येऊन उभे राहते. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीसाठी घसा बसवणारी माणसे पाहत वाढलो. क्लबच्या सामन्याला मात्र दोन्हीकडचे पालक आणि त्यांच्या घडीच्या खुर्च्या, एवढेच प्रेक्षक.

कॉलेजच्या शिष्यवृत्तीचे आमिष प्रत्येक क्लब दाखवतो. 2024-25 पर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तरावरच्या, महिला संघाला 14 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या बहुधा तुकड्यांत वाटल्या जात. सर्वांत खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये आणि हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. मात्र डिव्हिजन वनचे प्रशिक्षक दहावीनंतरच्या 15 जूनपासून मुलींशी संपर्क साधू शकतात आणि एकाच ठिकाणी डझनावारी संघ पाहायला मिळतात म्हणून मोठ्या स्पर्धांना येतात, हा क्लबचा खरा फायदा आहे. आम्ही गेलो त्या स्पर्धांत हे प्रशिक्षक पहिल्या संघांच्या मैदानांभोवती उभे असत, आमच्या मैदानाकडे कोणी फिरकले नाही.

मुलग्यांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. 1990 च्या विश्वचषकात खेळलेले जॉन हार्क्स आणि टोनी मिओला हे आमच्या राज्यातील कर्नी हायस्कूलकडून खेळलेले; आज त्या तोडीचा मुलगा एमएलएस नेक्स्ट या एमएलएसच्या युवा लीगच्या वरच्या स्तरावर गेला तर त्याला शाळेकडून सहसा खेळता येत नाही.

यंदाच्या मेमध्ये क्लबने पुन्हा दुसऱ्या संघातील जागा देऊ केली, फी 3,350 डॉलर आणि उत्तरासाठी 48 तास. मुलीशी बोलून आम्ही नकार कळवला. आता ती जवळच्या एका लहान क्लबकडून फक्त वसंत ऋतूत खेळणार आहे, त्याची फी 900 डॉलर आहे, आणि ऑगस्टमध्ये व्हर्सिटीच्या चाचणीला उतरणार आहे. जुन्या क्लबचा ईमेल काल तिसऱ्यांदा आला. तिची जागा त्यांनी अजून राखून ठेवली आहे.