लार्पेज्जाताचा पर्सेल आणि सावाल यांचे ‘इस्तंबूल’

क्रिस्टिना प्लुहार यांच्या लार्पेज्जाता या वाद्यवृंदाने २०१४ मध्ये इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल (१६५९–१६९५) यांच्या गीतांना जॅझची जोड दिली. पर्सेलच्या अनेक गीतांत खर्जातील एकच छोटी स्वरावली अखेरपर्यंत फिरत राहते. थिऑर्बो या लांब मानेच्या जुन्या तंतुवाद्याच्या तारांवर ती स्थिर असताना जानलुईजी त्रोवेझी यांची क्लॅरिनेट तिच्या आधाराने ऐनवेळी सुचलेल्या जागा घेते, आणि लेहऱ्यावर तबला ऐकलेल्या आपल्या कानांना ही बांधणी चटकन उमगते. हा आगंतुकपणा मुळीच नव्हे, कारण उत्स्फूर्त विस्तार ही पर्सेलच्या काळातील युरोपीय, म्हणजे बरोक, वादकांचीही रीत होती.

कॅटलान वादक जोर्दी सावाल यांचे २००९ चे ‘इस्तंबूल’ हे ध्वनिमुद्रण निराळ्या वाटेने जाते. मोल्दाव्हियाचे राजपुत्र दिमित्री कान्तेमिर यांनी लिहून ठेवलेल्या ओटोमन दरबारी रचना तेथे ऊद व कानून ही तंतुवाद्ये आणि नेय ही बासरी यांवर वाजतात व त्यांच्यामध्ये सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालमधील ज्यूंच्या) आणि आर्मेनियन सुरावटी येतात. तेथे जुन्याला नवे जोडलेले नाही. एकाच साम्राज्यातील शेजारी एकत्र बसले आहेत.

मला सावाल यांचे काम अधिक पटते. प्लुहार यांच्याकडे क्लॅरिनेट रंगात आली की थिऑर्बोचा मृदू नाद मागे पडतो, तर ‘इस्तंबूल’मध्ये नेयचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येतो.